मामाची मांडी

खंडूच्या जावळाला रामप्रसादनं दोन बोकडं कापली, मांडव घातला आणि दुष्काळाच्या वर्षात पाण्याचा अख्खा टँकर औरंगाबादजवळच्या साताऱ्याच्या डोंगराखाली आणून उभा केला. मामानं भाच्यासाठी एवढं केलं, ह्याचं कौतुक करून करून बायकांची तोंडं दुखायला आली होती. खंडूची आई रत्नमाला मात्र सकाळपासून नुसतं हूं हूं करत भाकरी थापत होती.

खंडोबाला पुरणाचा नैवेद्य दाखवून झाला होता. मटण देवळापासून लांब, कडुनिंबाच्या सावलीला शिजत होतं. एकेकाळी ह्याच उतारावर तिच्या बापाची, मुंजाबाची, मेंढरं चरायची. आता तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते आणि निसर्गाच्या कुशीत घर घ्या, असे बोर्ड लावले होते. निसर्ग कसला, उघडे दगड! जायकवाडी तळाला गेलेली, नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, आणि तरी औरंगाबाद चहूकडून वाढतच होतं. पिशोरकडची गावं रिकामी होऊन वाळूजच्या कारखान्यांभोवती, रांजणगावच्या पत्र्याच्या खोल्यांत येऊन पडत होती. मुंजाबानंही गेल्या वर्षी चाऱ्यावाचून मेंढरं विकली आणि म्हातारीला घेऊन तो लेकाकडं राहायला आला.

त्या आठवड्यात शहरात जिकडंतिकडं एकच विषय होता. किमान मजुरी वाढवायची की नाही. समिती आली होती, एक सुनावणी गुरुवारी झाली होती, दुसरी सोमवारी म्हणजे उद्या होती. कारखानदार म्हणत होते, पाण्यावाचून शिफ्टा बंद पडताहेत, अशा वर्षी मजुरी कसली वाढवता? कामगार म्हणत होते, पाणीसुद्धा विकत प्यावं लागतं, अशा वर्षी नाही वाढवणार तर कधी? औरंगपुऱ्यातले कापडवाले, ज्यांच्या दुकानात जेमतेम दोन पोरं कामाला, तेसुद्धा देश बुडाल्यासारखे तावातावानं बोलत होते.

रामप्रसादचा ह्याच्याशी संबंध होता, कारण तो माणसं पुरवायचा. स्वतः हेल्परपासून सुरुवात करून तो ठेकेदार झाला होता. कंपनी डोक्यामागं जे देई, त्यातलं आपलं काढून उरलेलं तो माणसांना देई. रत्नमाला त्याच्याच ठेक्यावर एका कंपनीत पॅकिंगला होती, तिचा नवरा कडुबा तिथंच लोडिंगला. भाऊ म्हणून कधी हाजरी बुडाली तर सांभाळून घेई, आणि भाऊ म्हणूनच मजुरी उशिरा दिली तरी तिनं बोलायचं नाही, असा सगळा घरचा कारभार होता. पॅकिंगच्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, तिला गाठलं. गुरुवारी एकही बाई बोलली नव्हती. सोमवारी तू बोल, म्हणाल्या. ती हो म्हणून बसली. घरात हे फक्त कडुबाला माहीत होतं.

"आज सांगून टाक दादाला," कडुबा सकाळीच म्हणाला होता. "मागून कळलं तर जास्ती पेटंल."

"आधी जावळ होऊ दे. पोराच्या कामात भांडण नको."

आणि भांडण मोबाइलमधून बाहेर आलं.

मांडवात रामप्रसाद पाहुण्यांना काहीतरी दाखवत होता. माणसं डोकी एकत्र करून बघत होती, हसत होती, मुंजाबाच्या नावानं वाहवा करत होती. रत्नमाला पाण्याची घागर ठेवायला गेली तेव्हा रामप्रसादनंच तिला हाक मारली. "ये रत्ने, बघ. आपल्या आबानं गुरुवारी सभा गाजवली. मोठमोठे कारखानदार मला फोन करू राह्यले."

तिनं पदराला हात पुसले आणि वाकून पाहिलं. हॉलमध्ये पांढरं पागोटं घातलेला तिचा बाप माईकसमोर उभा होता. आबा तिकडं गेल्याचंच तिला माहीत नव्हतं.

"बाबा, तुमच्या घरातलं कोण कामाला आहे?" साहेब विचारत होते.

"लेक अन् जावई. दोघं बी कंपनीत."

"सध्याच्या मजुरीत त्यांचं भागतं का?"

मुंजाबानं मान ताठ केली. "भागतं म्हंजी? देवाच्या दयेनं काय बी कमी नाय साहेब. घरात दूधदुभतं हाय. नात शाळंत जाती. आपुन काय कुणाच्या दारात मागाया बसलेलो नाय."

टाळ्या पडल्या. कुणी वाजवल्या ते दिसत नव्हतं, पण मजुरांनी नक्कीच नव्हत्या वाजवल्या.

रत्नमालाच्या कानशिलातून वाफा निघाल्या. तिचं घर! भर सभेत तिचं घर उघडून दाखवलं होतं, आणि तेही जसं नाही तसं. शहरातल्या हजारो माणसांची मजुरी वाढू नये म्हणून दाखला द्यायला दुसरं कुणी मिळालं नाही, तिचीच चूल मिळाली.

"आबाला तिथं कुणी नेलं?" तिनं विचारलं.

"म्या नेलं. गाडीत बसवून नेलं, गाडीत आणलं. काहून?"

ती सरळ कडुनिंबाखाली गेली. मुंजाबा नातीला, रत्नमालाच्या थोरल्या प्रांजलीला, शेजारी घेऊन बसला होता. प्रांजली आपल्या दुसऱ्या आजीबरोबर, कडुबाच्या आईबरोबर, सकाळी गावाकडून जीपनं आली होती.

"आबा, तुम्ही साहेबाला काय सांगून आलात?"

"तुला कळलं का?" म्हातारा खूश होऊन हसला. "सगळे म्हनू राह्यले, मुंजाबा, लई झ्याक बोलला."

"आमच्या घरात काही कमी नाय म्हणालात?"

"मंग काय म्हनू? परक्यापुढं लेकीच्या घरातलं उणं काढू?" मग त्यानं आवाज खाली आणला, एखादी धंद्यातली गोष्ट लेकीला समजावून द्यावी तसा. "पोरी, म्या जिंदगीभर लोकाच्या वावरात मेंढरं बसवली. खतासाठी शेतकरी आपल्याला बोलावतो, बदल्यात धान्य देतो. त्याला आपली भूक दिसली ना, की तो धान्य कमी करतो. म्हनतो, हा काय, कितीवर बी बसंल. म्हनून भाकर शिळी असली तरी म्हनायचं, भरपूर हाय. ताठ राह्यलं की समोरचा वाढवून देतो. म्या तुझ्याच फायद्याचं बोललो."

रत्नमालाला आता उलगडलं. बाप खोटं बोलला नव्हता. विकलाही गेला नव्हता. त्यानं आयुष्यभर ज्या चालीनं धान्य मिळवलं, तीच चाल लेकीसाठी भर सभेत खेळली होती. फक्त तिथं सौदा उलटा होता. तिथं भूक दाखवली तरच मजुरी वाढणार होती, आणि ताठ राहिलेल्या म्हाताऱ्याच्या नावानं टाळ्या वाजवून ती तशीच ठेवता येणार होती. म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं. रामप्रसादला होतं. तो मेंढरं बसवायच्या त्याच वाड्यावर, त्याच मेंढरांमागं वाढला होता. विचारल्यावर आबा काय उत्तर देणार, हे त्याला गाडीत बसवण्याआधीच ठाऊक होतं. बापाचा स्वाभिमान त्यानं जसाच्या तसा उचलला आणि कारखानदारांच्या हवाली केला.

आणि तिनं तरी काय केलं होतं? आई-बाप रांजणगावला तिच्या खोलीवर भेटायला येत, तेव्हा शेजारणीकडून दूध मागून आणून ती खरवस काय, बासुंदी काय, करून घाली. प्रांजली कुठं, म्हणून विचारलं की सुट्टीला गेलीय गावाकडं, म्हणून सांगे. बापाचीच लेक ती. माहेरच्या माणसांपुढं तिनंही कधी उणं काढलं नव्हतं. आबानं सभेत जे सांगितलं, ते तिनंच त्याला दाखवलेलं होतं.

"आबा, ऐका," ती म्हणाली, "प्रांजली..."

"मामा कुठं गेले? चला, लवकर बसा!" न्हाव्यानं मांडवातून हाक दिली. सखाराम न्हावी वस्तरा परजून कधीचा बसला होता. त्याला अजून दोन जावळं उरकायची होती. बायका उठल्या, हळदीकुंकवाचं ताट आलं, आणि पुतळाबाईनं, रत्नमालाच्या आईनं, तिला हाताला धरून ओढलंच. "चल चल, बापलेकीचं मागून बोला."

रामप्रसाद नवी टोपी घालून पाटावर बसला. खंडूला त्याच्या मांडीवर दिलं. पोरगं मामाच्या शर्टाचं बटण ओढत होतं. मामानं पहिली बट कापायची, मग न्हाव्यानं वस्तरा लावायचा, मग मामानं भाच्याला कपडे करायचे. सगळं जसं व्हायचं तसं होणार होतं, पण मांडवाच्या कडेला पॅकिंगमधला सांडूभाई उभा होता. सिल्लोडचा, मोकळ्या मनाचा माणूस, जेवायला म्हणून बोलावलेला. त्याला वाटलं, घरात हे सगळ्यांना ठाऊकच असणार.

"रामप्रसादभाई, बहन तो शेरनी है आपकी," तो कौतुकानं म्हणाला. "कल कमेटी के सामने बोलनेवाली है. हम सब जा रै सुनने कू."

रामप्रसादचा कात्री धरलेला हात थांबला.

"काय म्हणतो हा?" त्यानं बहिणीकडं पाहिलं.

"बरोबर म्हणतो," रत्नमाला म्हणाली. "उद्या मी बोलणार हाय. आज सांगणारच होते, जावळ झाल्यावर."

"काय बोलणार?"

"मजुरी पुरत नाय, हे."

"आबा पुरती म्हणून आला अन् तू नाय पुरत म्हणणार? चारचौघांत बापाला खोटं पाडणार?"

"बापाला खोटं तू पाडलंस. नेऊन उभं केलंस तिथं."

कडुबा पुढं आला, पण रत्नमालानं हातानंच त्याला थोपवलं.

"हे बघ रत्ने," रामप्रसाद आवाज खाली आणून समजुतीच्या सुरात बोलू लागला. "तुला बाहेरचं कळत नाय. मजुरी वाढली की कंपनी ठेका तोडती. मशीन आणती, नायतर दुसऱ्या गावाला जाती. पिशोरहून रोज जीपा भरून माणसं येतेत माझ्या दारात. दादा, निम्म्यावर ठेव, पण ठेव, म्हनतेत. त्यांना म्या काय सांगू?"

"निम्म्यावर राबायला तयार हायेत, कारण गावात प्यायला पाणी नाय. त्यांची विहीर आटली म्हणून तू आमचा भाव पाडणार? दुष्काळ काय तुझ्या ठेक्यासाठी पडलाय?"

"तोंड सांभाळ. ही बोकडं, हा टँकर, कुणाच्या जिवावर चाललंय हे सगळं?"

"आमच्याच!" ती ओरडली. "आमच्या घामातलं काढून घेतोस अन् त्यातलंच मटण आमच्या ताटात वाढून मामा म्हणून मिरवतोस!"

कुणीतरी बाई हाय हाय म्हणाली. रामप्रसादचं तोंड लाल झालं. त्यानं कात्री ताटात ठेवली. पोराला मांडीवरून उचललं आणि उभं राहून दोन्ही हातांनी बहिणीसमोर धरलं, विकायला काढलेली वस्तू धरावी तसं.

"मंग आधी शब्द दे. खंडोबाच्या दारात उभी हायेस. उद्या जाणार नाय म्हण. म्हणलीस तर बसतो पाटावर. नायतर उद्यापासून तुझा अन् कडुबाचा गेटपास बंद, अन् तुझं माहेर बी बंद. बघ तुझा मामा कुठून आणतीस ते."

मजुरीवरून भांडणारे मांडवात पुष्कळ होते, पण जावळाला बसलेल्या मामानं मांडीचा सौदा केलेला कुणी पाहिला नव्हता. पुतळाबाई तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. सगळ्यांनी मुंजाबाकडं पाहिलं. रत्नमालानंही पाहिलं. एवढं बोलल्यावर तरी आबा उठेल, लेकाच्या थोबाडीत देईल, असं तिला वाटलं.

मुंजाबानं मान खाली घातली. "दे शब्द, पोरी," तो म्हणाला. "लोकांत शोभा नको."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. तिनं खंडूला भावाच्या हातातून घेतलं. पाटावर जाऊन बसली आणि पोराला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"चालवा वस्तरा," ती सखारामला म्हणाली.

न्हावी घोटाळला. "बाई, मामा लागतो."

"हाय की मामा. तो काय उभा हाय. बघंल."

सखारामनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. तेव्हा पुतळाबाई पुढं आली. आयुष्यभर नवऱ्याच्या आणि मग लेकाच्या पुढं एक शब्द न बोललेली बाई ती. लेकीसमोर बसून तिनं नातवाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि न्हाव्याला म्हणाली, "लाव. लेकरू घामेजलं." सखारामनं वस्तरा लावला. खंडूनं भोकाड पसरलं. जावळ आईच्या पदरात पडू लागलं.

पोराच्या रडण्यावर आवाज चढवून रत्नमाला बोलायला लागली. कुणाकडं न बघता. "आबा, तुम्ही म्हणालात, घरात दूध हाय. ते मी तुम्ही यायच्या दिवशी शेजारणीकडून मागून आणते. एरवी चहापुरतं. तुम्ही म्हणालात, नात शाळेत जाते. जाते, पण गावात, तिच्या आजीकडं राहून. मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून ती माझ्याजवळ नाय. आम्ही दोघं राबतो, अन् दोघांच्या मजुरीत खोली, पाणी अन् दोन लेकरं बसत नायत. म्हणून एक लेकरू काढून ठेवलं. हा पोटात असतानाच काढून ठेवलं. सुट्टीला गेली म्हणून मी तुम्हाला सांगत राह्यले, कारण मला लाज वाटत होती. दिवसभर कंपनीचं काम करून स्वतःची पोरगी सांभाळता येत नाय, ही लाज मला काहून वाटावी? ज्यांनी अशी मजुरी ठरवली त्यांना वाटावी की! तेच मी उद्या सांगणार हाय. गेटपास घ्यायचा तर घे, दादा. माहेर बंद करायचं तर कर."

प्रांजली कडुनिंबाखाली उभी होती. दुसरी आजी तिला जवळ ओढून घेत होती. तिकडं बघायची हिंमत रत्नमालाला झाली नाही.

जावळ उतरलं. कडुबानं पोराला अंघोळ घालून नवे कपडे घातले, ते कुणी आणले होते ह्याचा विचार न करता. काही पाहुणे रामप्रसादच्या बाजूला जाऊन उभे राहिले, त्यात पिशोरकडची जवळची माणसंही होती. त्यांचं पोट त्याच्या हाती होतं, त्यांना तरी काय म्हणावं? पंगत बसली. बोकडं कापलेली होती, ती काय परत जोडायची होती? लोक खाली मान घालून जेवले आणि मटण चांगलं झालंय, असं एकमेकांना सांगू लागले.

मुंजाबा जेवला नाही. नातीला जवळ घेऊन तो किती तरी वेळ बसून होता. तिला काय विचारलं, ती काय म्हणाली, कुणाला कळलं नाही. उन्हं उतरायला लागली तसा तो उठला आणि मांडवाशी भांडी आवरत असलेल्या रत्नमालाजवळ आला.

"उद्या कुठं जायचं हाय?" त्यानं विचारलं. "त्याच हालमधी का?"

"व्हय."

"म्या येतो. रामाच्या गाडीत नाय, तुझ्यासंग रिक्षानं येतो. आता मला काय दुसरं बोलता यायचं नाय पोरी, परक्यापुढं कमी हाय म्हनायला माझी जीभ उचलायची नाय. पर म्या पुढं बसतो, त्या सायबासमोर. तू माझ्याकडं बोट दाखव. म्हन, ह्या म्हाताऱ्यानं चुकीचं सांगितलं. म्या मान हालवतो."

चार लोकांत शोभा नको म्हणणारा तिचा बाप उद्या भर सभेत स्वतःची शोभा करून घ्यायला निघाला होता. रत्नमालानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिला रडू कोसळलं, आणि रडता रडताच तिला पुन्हा तो संताप आला, सकाळपासून आला नव्हता एवढा.

"तुमच्याकडं काहून बोट दाखवू आबा?" ती म्हणाली. "ज्यानं तुम्हाला तिथं नेऊन उभं केलं, त्याच्याकडं दाखवीन."

रामप्रसाद दोन हातांच्या अंतरावर टँकरवाल्याचा हिशोब करत उभा होता. त्याला ऐकू जावं, म्हणूनच ती मोठ्यानं बोलली होती.